सोलो चेस सोडवताना आधी कोणतं घर बघायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची नऊ वर्षांची मुलगी चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर ‘सोलो चेस’ हे एकट्याने सोडवायचं बुद्धिबळाचं कोडं खेळते. पाच मोहऱ्यांपर्यंतची कोडी चटकन सुटतात. सात-आठ मोहरे झाले की ती अंदाजाने मारत सुटते, अडकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि अर्ध्या तासाने रडकुंडीला येते. तुम्ही दोघंही शेजारी बसून पाहिलंत, तुम्हालाही धागा सापडला नाही. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: याला काही पद्धत आहे का, आणि यात जाणारा वेळ तिच्या खऱ्या बुद्धिबळाला उपयोगी पडतो का?

पद्धत आहे. उपयोगही आहे, पण अर्धाच. त्याकडे पुढे येतो. मी वीसेक वर्षं लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतोय आणि हे कोडं वर्गात मुद्दाम वापरतो. तुमची मुलगी जिथे अडकली आहे तिथे जवळजवळ प्रत्येक मूल अडकतं. त्यात हुशारीचा प्रश्न नाही. पाच मोहऱ्यांपर्यंत डोळ्यांनी दिसतं, त्यापुढे डोळे पुरत नाहीत, आणि डोळ्यांच्या जागी काय वापरायचं हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

आधी नियम सांगतो, कारण घरोघरी ते थोडे वेगवेगळे खेळले जातात. पटावर सगळे मोहरे पांढरेच. प्रत्येक चालीत एक मोहरा मारायलाच हवा. नुसतं सरकता येत नाही. एक मोहरा दुसऱ्या मोहऱ्यांना जास्तीत जास्त दोनदा मारू शकतो, त्याचं दोनदा मारून झालं की तो काळा दिसू लागतो आणि जागचा हलत नाही. राजा असेल तर त्याला मारता येत नाही, शेवटी पटावर तोच उरला पाहिजे. राजा नसेल तर कोणताही एक मोहरा उरला की झालं. याचाच भाऊ म्हणजे थिंकफन कंपनीचा ‘सॉलिटेअर चेस’ नावाचा खोक्यातला खेळ. त्यात पट ४ बाय ४ घरांचा असतो, ६० कोडी दिलेली असतात, आणि दोनदाच मारायचं हे बंधन नसतं. लहान मुलांना मी सुरुवात त्या छोट्या पटावरच करून देतो. साध्या पटाच्या चार उभ्या आणि चार आडव्या ओळींना दोरा लावला तरी काम होतं.

आता मुख्य गोष्ट. मुलं मोहऱ्यांकडे बघतात: ‘माझा हत्ती कोणाकोणाला मारू शकतो?’ या कोड्यात त्याआधी घरांकडे बघायचं. कारण असं की प्रत्येक चाल मारण्याचीच असल्यामुळे मोहरा नेहमी भरलेल्या घरातच उतरतो. म्हणजे जे घर एकदा रिकामं झालं ते कोडं संपेपर्यंत रिकामंच राहतं. तिथे परत कोणी येत नाही. दर चालीला एक घर कायमचं बंद होतं. आठ मोहरे असतील तर आठ घरं आहेत, सात चाली आहेत, आणि सात घरं एकामागून एक बंद होऊन एकच उरणार आहे. तुमच्या मुलीला हे एवढंच पटावर करून दाखवा, प्रत्येक चालीनंतर रिकाम्या घरावर एक शेंगदाणा ठेवायला सांगा. चार कोड्यांत तिच्या लक्षात येईल की शेंगदाण्यावर कधीच कोणी येऊन बसत नाही.

एवढं समजलं की प्रश्न आपोआप बदलतो. ‘कोण कोणाला मारेल’ याऐवजी ‘या घरातून बाहेर कोणती वाट जाते, आणि या घरात येणारी वाट कोणती’ असं विचारता येतं. शेवटचं घर सोडून प्रत्येक घरातला मोहरा कधीतरी बाहेर पडून दुसऱ्या भरलेल्या घरात गेलाच पाहिजे. त्यामुळे सगळ्या वाटा मिळून झाडासारखा आकार तयार होतो: शेवटचं घर म्हणजे बुंधा, बाकीची घरं फांद्या, आणि सगळी ये-जा फांदीकडून बुंध्याकडे.

छोटं उदाहरण घेऊ. घरांची नावं अशी: उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी खालून १ ते ८. ए१ वर हत्ती, ए३ वर घोडा, सी२ वर उंट. मूल हमखास हत्तीने घोडा मारतं, कारण हत्ती आणि घोडा एकाच उभ्या ओळीत समोरासमोर दिसतात. मग हत्ती ए३ वर, उंट सी२ वर. दोघांचं एकमेकांशी काही देणं-घेणं नाही. संपलं. आता घरांकडे बघा. सी२ चा उंट कोणालाच मारत नाही, म्हणजे सी२ मधून बाहेर वाट नाही. आत येणारी वाट एकच, ए३ वरच्या घोड्याची. तो घोडा मेला तर सी२ कडे जाणारा एकमेव रस्ता त्याच्याबरोबर गेला. म्हणून घोड्याला हात लावायचा नाही. घोड्यानेच आधी उंट मारायचा. सी२ वरून घोड्याला ए१ दिसतं, तिथला हत्ती मारला की कोडं सुटलं. घोड्याच्या दोन्ही संधी वापरल्या गेल्या आणि तेवढ्याच पुरल्या.

इथे एक बारकावा आहे, तो मुलांना वेगळा सांगावा लागतो. रस्ता घराचा नसतो, मोहऱ्याचा असतो. ए३ या घरातून सी२ कडे रस्ता होता तो घोडा तिथे होता म्हणून. हत्ती ए३ वर येऊन बसला तेव्हा घर तेच राहिलं, पण रस्ते बदलले. प्रत्येक मारण्यात दोन गोष्टी जातात: एक, मारणारा ज्या घरातून उठला ते घर, दोन, मेलेल्या मोहऱ्याचे सगळे रस्ते. खऱ्या बुद्धिबळात दुसरी गोष्ट आपल्याला हवीच असते, कारण मेलेला मोहरा प्रतिस्पर्ध्याचा असतो. इथे तो आपलाच असतो, म्हणून मारण्याआधी ‘याच्यावाचून कोण एकटं पडेल?’ हा प्रश्न विचारायचा.

आता जरा मोठं. एफ३ वर राजा, बी८ वर हत्ती, ई८ वर उंट, ई४ वर घोडा आणि सी५ वर दुसरा घोडा. पट समोर घ्या आणि मांडा, नुसतं वाचून यातली मजा कळणार नाही.

पाच मोहरे, म्हणजे चार चाली. सुरुवातीला शक्य असलेल्या चाली चारच आहेत: हत्ती ई८ चा उंट मारू शकतो, राजा ई४ चा घोडा मारू शकतो, आणि दोन घोडे एकमेकांना मारू शकतात. माझ्या वर्गात हे कोडं ठेवलं की निम्मी मुलं राजाने सुरुवात करतात, कारण राजा घोड्याला चिकटून उभा आहे. उरलेल्यांपैकी बरीच ई४ च्या घोड्याने सी५ चा घोडा मारतात. दोन्हीत कोडं मरतं.

घरांनी विचार करू. ई८ च्या उंटाला पुढे कोणीच नाही. तिथे येणारा एकटा बी८ चा हत्ती. बी८ च्या हत्तीला कोणीच मारत नाही, त्याला स्वतःलाच उठावं लागणार, आणि त्याच्यासमोर ई८ शिवाय काही नाही. म्हणजे बी८ ते ई८ ही वाट ठरली, विचार करायची गरजच नाही. ई८ वर आलेला हत्ती पुढे कुठे जाणार? ई च्या उभ्या ओळीतून खाली ई४. दुसरा पर्याय नाही. सी५ ला जोडलेलं घर एकच, ई४. एफ३ च्या राजाला चिकटलेलं घर एकच, ई४. सगळ्या वाटा ई४ कडे जातात, म्हणजे शेवटचं घर ई४ आणि तिथे शेवटी येणारा राजा. मग ई४ बंद करणारी कोणतीही चाल चूक, म्हणून ई४ च्या घोड्याने उठायचं नाही. सी५ च्या घोड्यानेच ई४ वर यायचं. दोन घोडे एकमेकांना मारू शकतात तेव्हा कोणी कोणाला मारायचं हे घरं ठरवतात. आणि राजाने घाई केली तर तो ई४ वर बसेल, मग बाकीच्यांना तिथे येता येणार नाही, कारण राजाला मारायचं नाही. म्हणून राजा सगळ्यांत शेवटी.

उत्तर: हत्ती ई८ ला, घोडा सी५ वरून ई४ ला, हत्ती ई४ ला, राजा ई४ ला. पहिल्या तीन चालींचा क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालतो, पण वाटा याच. मोहऱ्यांकडे बघताना हे कोडं गोंधळाचं वाटतं, घरांकडे बघताना त्यात निवड करायला जवळजवळ जागाच उरत नाही.

यातून जी सवय लावायची ती अशी: पट समोर आला की पहिली चाल शोधू नका. सगळ्यात अडचणीत कोण आहे ते शोधा. ज्या घराला जोडणारी वाट एकच आहे, ते घर पहिलं. त्या घराचं काय होणार ते ठरवा, चाल खेळू नका, फक्त ठरवा. मग पुढचं अडचणीतलं घर. वजिराकडे शेवटी बघा, कारण वजीर कुठूनही कुठेही जातो, त्याची काळजी करायला वेळ असतो. मुलं उलट करतात: वजिरापासून सुरू करतात, कारण तो सगळ्यात ताकदवान. आणि वजीर दोन चालींत काळा होऊन बसला की मग कोपऱ्यातल्या उंटाकडे बघतात.

ही कल्पना माझी नाही, आणि नवीही नाही. घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने पटावरची ६४ घरं एकदाच फिरून येण्याचं कोडं आपल्याकडे फार जुनं आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या ‘काव्यालंकार’ या संस्कृत ग्रंथात घोड्याच्या चालीने वाचायचा श्लोक आहे, अर्ध्या पटाएवढ्या ३२ अक्षरांचा. एकट्याने, बुद्धिबळाच्या चालीवर खेळायच्या कोड्यांची परंपरा संगणकाच्या किती आधीची आहे ते यावरून कळेल. या घोड्याच्या फेरीसाठी वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन गृहस्थाने १८२३ मध्ये एक साधा नियम दिला: पुढच्या शक्य घरांपैकी ज्या घरातून पुढे जायच्या वाटा सगळ्यात कमी, त्या घरात आधी जा. कोपऱ्यातली घरं मागे ठेवलीत तर नंतर तिथे पोचता येत नाही, म्हणून ती आधी उरका. सोलो चेसमध्ये मी सांगतोय ते तेच. स्वयंपाकघरातही आपण आधी मऊ पडलेले टोमॅटो वापरतो आणि कांदे-बटाटे मागे ठेवतो. मुलीला हे असंच सांगा, तिला पटेल.

आता सात-आठ मोहऱ्यांच्या कोड्यांत नेमकं काय अडवतं ते सांगतो.

पहिली अडचण दोनच संधींची. मुलांना एका मोहऱ्याने झाडू मारल्यासारखा पट साफ करायला आवडतं. छोट्या कोड्यात ते जमतं, मोठ्यात दोन चालींनंतर तो मोहरा काळा होतो. म्हणून मी त्यांना दुसरं चित्र देतो: एक घर निवडा आणि बाकीच्यांना तिथे बोलवा. दहा मोहरे एकाच घरावर एकामागून एक येऊन मारू लागले तर प्रत्येकाची एकच संधी खर्च होते. एका आडव्या ओळीत आठ हत्ती उभे आहेत असं समजा. टोकाच्या हत्तीला शेजारच्याने मारायचं, मग त्या घरावर तिसऱ्याने यायचं, मग चौथ्याने. मधली घरं रिकामी होत जातात, रस्ता मोकळाच राहतो, आणि कोणालाही दुसऱ्यांदा मारावं लागत नाही. खऱ्या कोड्यात इतकं सरळ नसतं, पण एक भेटीचं घर किंवा दोन-तीन छोटी भेटीची घरं आणि त्यांना जोडणारा एखादा दोन संधींचा मोहरा, असा आकार बहुतेक उत्तरांत दिसतो. काळ्या झालेल्या मोहऱ्याला भिंतीत बसवलेल्या दगडासारखं समजायचं: तो जिथे आहे तिथे दुसऱ्या कोणालातरी यावं लागेल. म्हणून एखाद्या मोहऱ्याची दुसरी संधी वापरण्याआधी, ‘हा तिथे बसला की त्याला घ्यायला कोण येणार?’ याचं उत्तर तयार हवं. उत्तर नसेल तर ती चाल फक्त शेवटची म्हणूनच चालते.

दुसरी अडचण पडद्याची. ए१ वर हत्ती, ए४ वर घोडा, ए८ वर उंट असेल तर हत्तीला उंट दिसत नाही, मध्ये घोडा आहे. पण घोडा दुसरीकडे कोणाला मारायला गेला की पडदा उघडतो आणि ए१ ते ए८ अशी नवी वाट तयार होते. घरं बंद होत असतात, त्याच वेळी लांबच्या वाटा उघडत असतात. ‘सुटत नाही’ म्हणून आलेलं कोडं बघताना मी पहिल्यांदा हेच तपासतो: कुठे पडदा आहे का, आणि तो कोण बाजूला करू शकतो. हत्ती, उंट, वजीर यांच्या बाबतीतच हे घडतं. घोडा उडी मारतो, त्याला पडदा नाही. त्यामुळे घोड्याच्या वाटा सुरुवातीला जितक्या दिसतात त्यात नवीन भर पडत नाही, तो स्वतः जागा बदलेपर्यंत. म्हणून अडचणीतली घरं शोधताना घोड्यापासून सुरू करणं सोयीचं. त्याचा हिशोब पक्का असतो.

प्यादी आणि रंग या दोन गोष्टींवर थोडक्यात. प्यादं फक्त वरच्या दिशेला तिरकं मारतं आणि मारताना घराचा रंग कधी बदलत नाही. दोन संधींत ते फार तर दोन ओळी वर जातं. त्यामुळे खालच्या ओळीतला मोहरा प्याद्याला कधीच घेता येत नाही. वरच्या ओळींतला एखादा मोहरा एकटा वाटत असेल तर खाली तिरक्यात प्यादं आहे का बघा. उंटही आपला रंग सोडत नाही. पटावर काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही घरांत मोहरे आहेत आणि हत्ती किंवा घोडे कमी आहेत, असं असेल तर दोन रंगांना जोडणारा पूल कोण हे आधी ठरवा, आणि त्या पुलाला शेवटपर्यंत जपा. घोडा दर चालीला रंग बदलतो, म्हणून बऱ्याचदा पूल तोच असतो.

तरीही अडकलंच तर? मागे जायचं. पण ‘पहिल्यापासून’ नव्हे. तुमच्या मुलीची दमछाक इथेच होतेय असं मला वाटतं. कोडं अडकलं की शेवटी कोणते दोन किंवा तीन मोहरे सुटे राहिले ते तिला वहीत लिहायला सांगा. समजा जी७ चा उंट राहिला. पुढच्या वेळी फक्त एवढाच प्रश्न: जी७ कडे येणारी किंवा तिथून जाणारी वाट कोणती, आणि ती कोणत्या चालीत तुटली? तीन वेळा अडकल्यावर तिन्ही वेळा जी७ च राहिला असं दिसेल, आणि मग ते घरच कोड्याची किल्ली आहे हे तिचं तिला कळेल. वेळेचं घड्याळ असेल तर त्याकडे बघूच नका. संगणकाचा पडदा सोडून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पटावर मांडून सोडवलेलं एक कोडं, पडद्यावर अंदाजाने सोडवलेल्या दहांपेक्षा जास्त शिकवतं, हा माझा अनुभव आहे.

आणि शेजारी बसाल तेव्हा उत्तर सांगू नका. ‘कोणतं घर सगळ्यात अडचणीत आहे?’ एवढंच विचारा. तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो, हे त्यातलं सगळ्यात चांगलं.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं: ‘मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, याला एखादा सरळ सूत्रासारखा उपाय असेल असं वाटलं होतं.’ त्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हे काम आपल्याच देशात झालंय. २०२२ मध्ये एन. आर. अरविंद, नीलधारा मिश्रा आणि हर्षिल मित्तल या तिघांनी नेमका हाच सोलो चेस घेऊन शोधनिबंध लिहिला. अरविंद हैदराबादच्या आयआयटीत, बाकीचे दोघं गांधीनगरच्या. त्यांनी पट हवा तेवढा मोठा आणि मोहरे हवे तेवढे असं धरलं आणि दाखवून दिलं की पटावर फक्त हत्ती असले आणि त्यांच्याकडे जास्तीत जास्त दोनच संधी असल्या, तरी ‘हे सुटेल का?’ हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. फक्त वजीर असले आणि प्रत्येकाला बरोबर दोन संधी असल्या तरी तेच. तुम्हाला शब्दाचा अर्थ माहीत असेल. घरातल्या बाकीच्यांसाठी सांगतो: कोणी उत्तर दिलं तर ते तपासणं सोपं, पण उत्तर शोधायची, पट वाढला तरी झटपट चालणारी पद्धत कोणालाही सापडलेली नाही, आणि सापडलीच तर त्याबरोबर जगातले हजारो अवघड प्रश्न सुटतील. याउलट दोन संधींची फक्त प्यादीच असतील, किंवा हत्ती एकाच ओळीत असतील, तर कोणती कोडी सुटतात ते नेमकं सांगता येतं, असंही त्यांनी सिद्ध केलं. पुढे संगणकशास्त्रज्ञ एरिक डिमेन आणि सहकाऱ्यांनी संधींवरची मर्यादा काढून टाकून पाहिलं: एकाच जातीचे मोहरे असतील तर कोडं सोपं होतं, कोणत्याही दोन जाती मिसळल्या की पुन्हा अवघड. मला हे वाचताना फार आनंद झाला होता, कारण वर्गातला माझा अनुभव तंतोतंत तोच होता. मुलं एकाच जातीच्या मोहऱ्यांवर पटकन हात बसवतात आणि दोन जाती एकत्र आल्या की गोंधळतात.

अर्थात तुमच्या मुलीचा पट ८ बाय ८ चाच आहे. दहा-बारा मोहऱ्यांचं कोडं तुम्ही लिहिलेला छोटा प्रोग्राम सगळ्या शक्यता तपासून क्षणात सोडवेल. लिहून बघा, पुढे-मागे जाऊन तपासायचा चांगला सराव आहे. पण तो तिला देऊ नका. सूत्र नाही म्हणूनच कोणत्या क्रमाने विचार करायचा याला इथे किंमत आहे.

आता दुसरा प्रश्न: खऱ्या बुद्धिबळाला उपयोग होतो का? मोहऱ्यांच्या वाटा दिसणं, विशेषतः लांबच्या तिरक्या ओळी आणि पडद्यामागचे मोहरे, यात फार फरक पडतो. वर्गात जी मुलं प्रतिस्पर्ध्याचा कोपऱ्यातला उंट विसरून वजीर गमावत, ती दोन-तीन महिने हे कोडं सोडवल्यावर तसं करणं कमी होतं असं मी पाहिलंय. घोड्याबद्दल तर नक्कीच. शेवटाकडून मागे विचार करण्याची सवयही इथे लागते, आणि ती डावाच्या अखेरीच्या अभ्यासात कामाला येते.

पण या खेळात समोर कोणी नाही. आपण चाल केली की उत्तर येत नाही, शह नाही, धोका नाही. आणि प्रत्येक चाल मारण्याचीच. जास्त दिवस फक्त हेच खेळलेलं मूल खऱ्या डावातही ‘मारता येतंय, मारूया’ असं करू लागतं. एका मुलाच्या बाबतीत मला हे उशिरा लक्षात आलं. तो घरी रोज तासभर हेच खेळत होता आणि स्पर्धेत पहिल्या दहा चालींत मिळेल ते मारून मोकळा होत होता. त्याचा तो वेग मोडायला जवळजवळ सहा महिने गेले. म्हणून माझं प्रमाण ठरलेलं आहे: दिवसाला पंधरा मिनिटं सोलो चेस, त्यानंतर एक किंवा दोन चालींत मात करायची साधी कोडी, आणि आठवड्यात निदान दोन पूर्ण डाव, शक्यतो समोरासमोर बसून. लिचेस या मोफत संकेतस्थळावर मोहऱ्यांनी तारे गोळा करायचे धडे आहेत. तुमच्याकडे दुसरं लहान मूल असेल तर त्याची सुरुवात तिथून करा. वेळेशी शर्यत लावणारे कोड्यांचे खेळ मात्र नऊ वर्षांच्या मुलीला मी अजून देणार नाही. तिला घाई आधीच आहे.

सोलो चेसचा कंटाळा आला तर याच जातीची जुनी कोडी द्या. ८ बाय ८ च्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कोणी कोणाला मारत नाही. याची ९२ उत्तरं आहेत, तिला दोन सापडली तरी आठवडा छान जाईल. त्याआधी ४ बाय ४ वर चार वजीर, तिथे उत्तरं दोनच, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. घोड्याची फेरी ५ बाय ५ वर द्या आणि कोपऱ्यातून सुरू करायला सांगा. कोपऱ्याच्या रंगाची घरं तिथे १३ आणि दुसऱ्या रंगाची १२ असतात, त्यामुळे दुसऱ्या रंगावरून सुरू केलं तर फेरी पूर्णच होऊ शकत नाही. हे तिला आधी सांगू नका. दोन दिवस चुकीच्या घरावरून प्रयत्न करून मग विचारू दे.

मात्र सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे तिलाच कोडी बनवायला लावणं. ते उलटं खेळून करायचं. पटावर एक मोहरा ठेवा, समजा ई४ वर राजा. आता त्याला एक चाल मागे न्या, एफ३ वर, आणि तो जिथून उठला त्या ई४ वर नवा मोहरा ठेवा, हत्ती. हत्तीला मागे न्या ई८ वर, आणि ई४ वर घोडा ठेवा. हत्तीला पुन्हा मागे, बी८ वर, आणि ई८ वर उंट ठेवा. हत्तीच्या दोन संधी संपल्या, त्याला आता हात लावायचा नाही. ई४ च्या घोड्याला मागे सी५ वर न्या आणि ई४ वर दुसरा घोडा. वर सोडवलेलं कोडं तयार! काळजी दोनच गोष्टींची: मागे जाताना मधला रस्ता मोकळा हवा, आणि कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा मागे न्यायचं नाही. असं बनवलेलं कोडं नक्की सुटतं, कारण उत्तर आपण आधीच खेळून ठेवलेलं असतं. ज्या मुलांनी पाच-दहा कोडी स्वतः बनवली, त्यांना दुसऱ्याचं कोडं सोडवताना बुंध्याचं घर जवळजवळ लगेच दिसतं. संध्याकाळी तिने तुमच्यासाठी एक बनवावं आणि तुम्ही खरोखर बसून सोडवावं. तुम्ही अडकलात की तिचा चेहरा बघा.

शेवटी एक कोडं तिच्यासाठी. ए१ वर हत्ती, ए४ वर उंट, सी२ वर घोडा. हत्ती उंटाला मारू शकतो, उंट घोड्याला, घोडा हत्तीला. तिघांपैकी प्रत्येकाला कोणीतरी मारायला आहे, कोणीच एकटं नाही, तरी हे कोडं सुटत नाही. तिला सुटत नाही असं सांगून द्या, आणि का सुटत नाही ते तुम्हाला समजावून सांगायला लावा. पहिल्या कोणत्याही चालीनंतर उरलेल्या दोघांत वाट राहत नाही, कारण मेलेल्या मोहऱ्याने आपला रस्ता बरोबर नेलेला असतो. ती तीनही चाली खेळून हे शोधेल. मग विचारा: फक्त एक मोहरा वाढवून हे सुटणारं करता येईल का? तिला तिचं उत्तर शोधू दे. तुमच्यासाठी एक उत्तर देऊन ठेवतो: बी३ वर प्यादं. उंट आणि घोड्याच्या मधला रस्ताच ते अडवतं, तरी आता घोडा ए१ चा हत्ती मारतो, तिथून बी३ चं प्यादं मारतो, आणि ए४ चा उंट बी३ वर येऊन घोड्याला मारतो.